लढाऊ विमानाचं किट घेताना साचा कसा बघावा

दुकानात शेजारी शेजारी दोन किटं, म्हणजे सुटे भाग जोडून करायच्या प्लास्टिकच्या छोट्या विमानांचे दोन खोके, ठेवलेले असतात. दोन्हींवर तेच विमान आणि तेच १/७२ माप, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं. एकाची किंमत दुसऱ्याच्या तिप्पट. नवखा माणूस स्वस्तातला उचलतो, कारण आत शेवटी प्लास्टिकच तर आहे. थोडा मुरलेला माणूस कंपनीचं नाव बघून महागातला उचलतो. दोघंही एक गोष्ट विचारायची विसरतात. आतल्या प्लास्टिकचा साचा कधी कापला आणि कुणी कापला?

मी भोसरीच्या एका टूलरूममध्ये इंजेक्शन मोल्डचं, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक दाबून भाग काढायच्या साच्यांचं, डिझाइन करते. दिवसभर स्विचबोर्डाचे भाग, गाड्यांच्या क्लिपा, मिक्सरची झाकणं. घरी आल्यावर पुन्हा प्लास्टिकच, फक्त विमानाच्या आकाराचं. त्यामुळे किटकडे बघायची माझी नजर धंद्याची आहे. पैसे वसूल व्हायचे असतील तर आधी साचा बघावा, मग माप, मग विमान, आणि खोक्यावरचं चित्र सगळ्यात शेवटी, असं माझं ठाम मत आहे. बहुतेक लोक नेमकं उलट्या क्रमाने जातात.

साच्याचं वय

पोलादी साचा तेल लावून नीट ठेवला तर पिढ्यान्‌पिढ्या चालतो. साठच्या दशकात कापलेला साचा आजही मशीनवर चढू शकतो. त्यातून निघालेला माल कोऱ्या खोक्यात, नव्या चित्रासह आणि नव्या डिकलसह (विमानावर चिकटवायच्या छापील खुणा) तुमच्या हातात पडू शकतो. यात फसवाफसवी काही नाही, पण खोका तुम्हाला आपणहून काही सांगत नाही. एअरफिक्स कंपनीचं १/७२ मधलं नॅट विमान घ्या. एक साचा साठच्या दशकातला आणि दुसरा २०१० नंतरचा. दोन्हींवर नाव तेच, ‘फॉलंड नॅट’. जुने साठे विकणाऱ्यांकडे दोन्ही मिळतात, आणि त्या दोन किटांत आजी आणि नातीइतकं अंतर आहे.

त्यात पुन्हा साचे हात बदलतात. मॅचबॉक्सचे साचे रेव्हेलकडे गेले आणि रेव्हेलच्या खोक्यातून विकले गेले. रेव्हेलच्या खोक्यात कधी स्वतःचं प्लास्टिक असतं, कधी मोनोग्रामचं, कधी इटलेरीचं, आणि एके काळी हासेगावाचंही असायचं. तामियाचं नाव मोठं, पण त्यांच्या १/७२ मालिकेतल्या काही खोक्यांत इटलेरीचा माल आहे. म्हणून ‘अमुक कंपनी चांगली’ हे वाक्य अर्धवट आहे. त्या कंपनीचा तो विशिष्ट साचा चांगला की नाही, एवढंच विचारायचं.

हे शोधायला दोन मिनिटं लागतात. स्केलमेट्स नावाची साइट आहे. खोक्याच्या बाजूला छापलेला किट नंबर तिथे टाकला की त्या साच्याची वंशावळ समोर येते: पहिल्यांदा कधी निघाला, नंतर कुणाकुणाच्या खोक्यातून आला, कधी नवे भाग घातले, कधी नुसते डिकल बदलले. ‘न्यू टूल’ असं ज्या वर्षासमोर लिहिलंय ते साच्याचं वर्ष. खोक्याच्या तळाशी छापलेलं वर्ष खोक्याचं असतं, त्यावर जाऊ नका. कधीकधी पंखाच्या किंवा आडव्या शेपटीच्या आतल्या बाजूला कंपनीचं नाव आणि वर्ष कोरलेलं असतं. ते जास्त विश्वासाचं, कारण ते पोलादात कोरलेलं आहे.

वयाने नेमकं काय बदलतं? सगळ्यात आधी पत्र्यांच्या जोडांच्या रेषा, म्हणजे पॅनल लाइन. जुन्या किटांत या रेषा उठावदार असतात. त्यामागचं कारण आमच्या धंद्यातलं आहे. साच्याच्या पोलादात रेघ कोरली की भागावर ती उठून येते. कोरणं सोपं. भागावर खोलगट रेघ हवी असेल तर साच्यात तेवढी बारीक कड उभी सोडून आजूबाजूचं सगळं पोलाद काढावं लागतं, आणि ते काम अवघड, वेळखाऊ आणि खर्चिक. म्हणून जुन्या लोकांनी सोपा रस्ता धरला. पुढे तंत्र सुधारलं आणि नव्वदच्या दशकापर्यंत खोलगट रेषा सर्रास दिसू लागल्या. तुमच्या दृष्टीने फरक असा: विमानाच्या पोटाचा सांधा तुम्ही पॉलिश पेपरने घासणारच. उठावदार रेषा त्यात पुसली जाते आणि परत आणणं कटकटीचं. खोलगट रेषा घासूनही टिकते, आणि शेवटी तिच्यात पातळ काळपट रंग सोडला की विमान एकदम जिवंत दिसतं.

दुसरा फरक स्लायडरचा. साधा साचा वर-खाली उघडतो, त्यामुळे बाजूचा तपशील निघत नाही. बाजूने सरकणारे तुकडे साच्यात बसवले की इंजिनाची मागची नळी अखंड निघते, हवेचा इनटेक एकसंध निघतो. जुन्या किटात हीच नळी दोन अर्ध्या तुकड्यांत येते आणि आतला सांधा घासायला तुमची करंगळीही आत जात नाही. जेट विमानात इनटेक आणि नॉझल या दोनच जागी बघणाऱ्याची नजर सरळ आत जाते, म्हणून हा फरक पैसे देण्याजोगा आहे.

माझा ढोबळ नियम: १/७२ मध्ये साधारण २००५ नंतरचा साचा घ्यावा. नियमाला अपवाद आहेत. मोनोग्रामची सत्तर-ऐंशीच्या दशकांतली १/४८ जेट, म्हणजे एफ-४ फँटम, एफ-१०५ वगैरे, रेषा उठावदार असूनही आकाराला आणि कॉकपिटला फार सुंदर आहेत. स्वस्तात मिळालं तर मी ते डोळे झाकून घेईन. हासेगावाचे ऐंशी-नव्वदच्या दशकांतले साचेही आज चांगले बसतात. फक्त एक ध्यानात ठेवा, हासेगावाच्या जेटमध्ये बहुतेक वेळा क्षेपणास्त्रं आणि बॉम्ब नसतात. ते वेगळ्या खोक्यात विकतात. पंखाखाली काहीतरी लटकलेलं हवं असेल तर तो खर्च आधीच धरा.

आणि एक सावधगिरी. ‘शॉर्ट रन’ म्हणतात ती छोट्या कंपन्यांची किटं असतात. साचे मऊ धातूचे किंवा तत्सम कमी खर्चाचे, थोडेच नग काढायचे म्हणून बनवलेले. विषय दुर्मिळ आणि मोहात पाडणारे. पण दोन अर्धे जुळवायला खुंट्या नसतात, भागांच्या कडा जाड असतात, वर रेझिनचे तुकडे वेगळे. पहिल्या तीन-चार किटांत यांच्या वाटेला जाऊ नका.

पिशवीतून काय दिसतं

दुकानदार खोका उघडू देत असेल तर आतली पिशवी फाडायची गरज नाही, बाहेरूनच बरंच कळतं. उजेडाकडे धरा. भागांच्या कडेला कागदासारखी पातळ पापडी दिसते का? ती फ्लॅश. साच्याचे दोन अर्धे झिजून नीट मिटेनासे झाले की प्लास्टिक फटीतून बाहेर येतं. चाकांच्या दांड्यांवर आणि क्षेपणास्त्रांच्या पंखांवर ही पापडी असेल तर प्रत्येक तुकडा तासावा लागणार. त्याच दांड्या गोल आहेत की अर्ध्या अर्ध्या एकमेकांवरून सरकल्यासारख्या, तेही बघा. सरकलेल्या असतील तर साचा जुळत नाहीये, आणि हा दोष घासून जात नाही, कारण दांडी बारीकच होत जाते.

जाड भागावर, विशेषतः पंखाच्या मुळाशी किंवा बॉम्बच्या मधोमध, बोटाला जाणवेल असा खड्डा असतो. आम्ही त्याला सिंक म्हणतो. आतलं प्लास्टिक थंड होताना आकसतं आणि पृष्ठभाग आत ओढून घेतं. पुटीने भरता येतो, पण दहा ठिकाणी असेल तर खोका परत ठेवा. इजेक्टर पिनचे, म्हणजे साच्यातून भाग ढकलून बाहेर काढणाऱ्या खिळ्यांचे, गोल ठसे प्रत्येक किटात असतात, त्यांना भिऊ नका. ते कुठे आहेत एवढंच बघा. चांगला डिझाइनर ते आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला टाकतो. चाकांच्या दारांच्या आतल्या बाजूला किंवा खुर्चीच्या पाठीवर ठसठशीत गोल दिसले की समजावं, डिझाइन करताना घाई झालेली आहे.

काचेचा भाग सगळ्यात शेवटी पण सगळ्यात नीट बघा. कॅनोपीला, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेला, वेगळी पिशवी आहे का? नसेल तर बाकीच्या फ्रेमवर (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला लागून येतात ती) घासून ओरखडे आलेले असतात. एफ-१६ च्या कॅनोपीची एक गंमत आहे. खऱ्या विमानाची काच बुडाशी आत वळते, बुडबुड्यासारखी. असा आकार साध्या साच्यातून सुटत नाही, म्हणून चांगल्या किटात ती तीन बाजूंनी उघडणाऱ्या साच्यात काढतात आणि काचेच्या मधोमध एक केसासारखी रेघ येते. लोकांना तो दोष वाटतो. उलट तो आकार बरोबर असल्याचा पुरावा आहे. २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवायचा, मग टूथपेस्ट मऊ सुती कापडावर घेऊन घासायचं. काच आधी दुधाळ होते, तेव्हा घाबरायचं नाही. पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा लख्ख होते.

डिकलचा कागद बघताना छपाईचे रंग एकमेकांवर नीट बसलेत का बघा. तिरंगी वर्तुळात पांढरा पट्टा एका बाजूला सरकला असेल तर ते विमानावर लगेच दिसतं. कागदावर कार्टोग्राफ हे नाव असेल तर समाधान माना, ही इटलीतली छपाई उत्तम असते. जुन्या साठ्यातलं डिकल पिवळं पडलेलं असेल तर भाव पाडून घ्या. खिडकीच्या काचेला आतून चिकटवून काही दिवस उन्हात ठेवलं की बराचसा पिवळेपणा उडतो.

माप आणि कपाट

१/७२ म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट तुमच्याकडे एक इंच. १/४८ मध्ये चार फूट म्हणजे एक इंच. कागदावर फरक छोटा वाटतो, कपाटात नाही. एफ-१६ सुमारे १५ मीटर लांब, म्हणजे १/७२ मध्ये २१ सेंटिमीटर आणि १/४८ मध्ये ३१. सुखोई-३० जवळजवळ २२ मीटर लांब, पंख १४.७ मीटर. १/७२ मध्ये ते ३० बाय २० सेंटिमीटर होतं. १/४८ मध्ये ४६ बाय ३१. आमच्या हॉलमधल्या काचेच्या कपाटाची खोली ३० सेंटिमीटरच्या आसपास आहे, बहुतेक घरांत तेवढीच असते. म्हणजे १/४८ चं सुखोई सरळ ठेवलं तर नाक बाहेर, आडवं ठेवलं तर पंख अडतात. बाहेर उघड्यावर ठेवाल तर पुण्याची धूळ आठवड्यात त्यावर बसते, आणि बारीक अँटेना पुसताना कोण मोडणार यावरून घरात वाद. मापपट्टी घेऊन आधी कपाट मोजा.

माझा भाचा धानोरीला राहतो. लोहगावची धावपट्टी जवळ, त्यामुळे सुखोई रोज डोक्यावरून. पहिलंच किट त्याला सुखोईचं हवं होतं, तेही १/४८. ‘मावशी, अगं मोठं असलं की सोपं असतं ना?’ हा गैरसमज खूप जणांचा असतो. मोठ्या मापात कंपनी जास्त तपशील देते, म्हणजे जास्त भाग, जास्त सांधे, जास्त रंग. त्यात मिश्र छटांची मोठी पृष्ठभागं ब्रशने एकसारखी रंगवणं अवघड, हवेने रंग फवारणारा एअरब्रश लागतोच. मी म्हटलं, ‘अरे, आधी एका इंजिनाचं लहान विमान संपव, मग दोन इंजिनांचं बघू.’ त्याला तामियाचं १/७२ एफ-१६ दिलं. भारतीय हवाई दलात ते कधीच नव्हतं, शेजाऱ्यांकडे आहे, आणि यावरून त्याच्या आजोबांनी एक भुवई उंचावलीच. पण २०१० नंतरच्या दशकातला तो साचा इतका नेमका बसतो की पुटीचा डबा उघडावा लागत नाही, पंखाखालची शस्त्रं खोक्यातच आहेत, आणि रंग दोन-तीन करड्या छटांचे. पहिल्या किटाला आणखी काय पाहिजे?

त्याहून लहान मुलांसाठी, किंवा रंगांची भानगड नको असेल तर, अकॅडमीच्या एमसीपी मालिकेत भाग वेगवेगळ्या रंगांच्या प्लास्टिकमध्येच येतात. हॉबीबॉसच्या ‘ईझी असेंब्ली’ किटांत भाग थोडे असतात आणि विमानाचं धड जवळजवळ अखंड येतं. एअरफिक्सच्या स्टार्टर सेटमध्ये आणि रेव्हेलच्या मॉडेल सेटमध्ये गोंद, ब्रश आणि थोडे रंग सोबतच मिळतात. हे सेट भेट द्यायला छान. आपल्यासाठी घेताना मात्र बघा, त्या छोट्या डब्या एका विमानालाच पुरतात आणि ब्रश यथातथाच असतो.

आपल्या हवाई दलाचं विमान हवं असेल तर

इथे पैसे जास्त वाया जातात, कारण नाव तेच आणि विमान वेगळं. सुखोई-३० चे खोके दोन प्रकारचे मिळतात. एमकेके हे चीनसाठी बनलेलं. त्याला पुढचे छोटे पंख, म्हणजे कॅनार्ड, नसतात, नॉझल वळत नाहीत, आणि उभ्या शेपट्या उंच असतात. आपलं एमकेआय त्यातून होत नाही. होतं ते एसएममधून, कारण रशियाने एसएम बेतलं तेच एमकेआयवरून. झ्वेज्दाचं १/७२ सुखोई-३० एसएम म्हणून मला सगळ्यात वसूल वाटतं. किरकोळ अँटेना सोडल्या तर आकार आपलाच. भारतीय डिकल वेगळं घ्यावं लागतं.

मिग-२१ चं अजून गुंतागुंतीचं. १९६३ पासून २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निरोप मिळेपर्यंत आपल्याकडे त्याचे इतके प्रकार झाले की नुसतं ‘मिग-२१’ म्हणून खोका घेणं म्हणजे नुसतं ‘पाटील’ म्हणून पत्ता विचारणं. नाशिकजवळ ओझरला एचएएलने एफएल, एम आणि बिस बनवले. एफएलची पाठ सडपातळ, नंतरच्यांची जाडसर. एमएफचा खोका आपल्या एमच्या बराच जवळ जातो. बाकी प्रकारांसाठी खोक्यावरची अक्षरं जुळवूनच घ्या. इथे एडुआर्डची किटं बघण्यासारखी आहेत. त्यांचं १/४८ मधलं एमएफ २०११ चं आहे, आणि पुढे १/७२ मध्येही त्यांनी तेच विमान काढलं. एडुआर्डची एक सोय जरूर वापरा. तेच प्लास्टिक ते दोन प्रकारच्या खोक्यांत विकतात. प्रोफिपॅकमध्ये पितळी फोटो-एच भाग (पातळ पत्र्यातून रसायनाने कोरून काढलेले), रंगवताना काच झाकायचे मास्क आणि जास्त खुणांचे डिकल असतात. वीकेंडमध्ये यातला फोटो-एच आणि मास्क नसतो आणि किंमत बरीच खाली येते. साचा अगदी एकच. कॅनोपी बंद ठेवणार असाल तर १/७२ मध्ये आतलं पितळी पॅनल तुमच्याशिवाय कुणालाही दिसणार नाही. वीकेंड घ्या आणि उरलेल्या पैशांत रंग आणा.

राफेल घेताना सी, बी आणि एम यातलं अक्षर बघा. आपल्या हवाई दलाची एकासनी सीवरून, दोनआसनी बीवरून. एम नौदलाचं, पुढची चाकं दणकट आणि मागे जहाजावर उतरताना दोराला अडकवायचा हूक. एप्रिल २०२५ मध्ये आपल्या नौदलासाठी २६ राफेलचा करार झाला आहे, त्यातली २२ एकासनी एम, त्यामुळे एमचा खोका स्वस्तात दिसला तर तोही वाया जाणार नाही. जग्वारमध्ये आपल्या विमानांना पंखाच्या वरच्या बाजूला क्षेपणास्त्राच्या पट्ट्या असतात, ते भाग खोक्यात आहेत का ते फ्रेमच्या फोटोत शोधा. मिराज-२००० सीचा खोका आपल्या जुन्या एचला चालतो. आणि नॅट? एअरफिक्सचं टी.१ हे दोन आसनांचं शिकाऊ विमान आहे. १९६५ ला पाकिस्तानची सेबर पाडणारं आपलं नॅट एका आसनाचं होतं. ब्रिटिश हवाई दलाच्या कसरतपथकाचं लाल रंगाचं रेड अॅरोज करायचं असेल तर जरूर घ्या, पण भारतीय वर्तुळं लावून समाधान करून घेऊ नका.

खरं विमान जवळून बघायचं असेल तर घोरपडीच्या बाजूला दक्षिण कमांडच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात मिग-२३ बीएन उभं आहे. चाकांच्या खोबणीत रंग कसा उतरतो, पॅनलच्या रेषा प्रत्यक्षात किती पुसट दिसतात, हे तिथे उभं राहून बघितलं की किटात रेषा किती गडद करायच्या याचा अंदाज येतो. बहुतेक लोक फार गडद करतात.

हिशोब

परदेशी परीक्षणात ‘स्वस्त आणि मस्त’ लिहिलेलं किट आपल्याकडे स्वस्त असेलच असं नाही. स्केल मॉडेल कस्टमच्या ९५०३ या खेळण्यांच्या शीर्षाखाली येतात. त्यावरची मूळ ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेली, २०२३ मध्ये ७० वर. वर १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. म्हणून लक्ष्मी रोड किंवा कॅम्पातल्या दुकानात माल थोडा आणि भाव चढा दिसतो, दुकानदाराशी हुज्जत घालून उपयोग नाही. बाहेरून मागवणार असाल तर टपालखर्चही बघा. किटचा खोका वजनाने हलका पण आकाराने मोठा, आणि कुरिअरवाले आकारमानाने पैसे लावतात. एका विक्रेत्याने मला खोका पातळ पाकिटात कोंबून पाठवला होता. आतला उभा शेपटीचा भाग मधोमध वाकलेला आणि काच तडकलेली. तेव्हापासून मागवण्याआधी पॅकिंग कसं करता ते लिहून घेते.

आता बेरीज. समजा जुन्या साच्याचं किट ९०० ला मिळालं. डिकल पिवळं, म्हणून नवं ७०० चं. खुर्ची म्हणजे नुसता ठोकळा, म्हणून रेझिनची ६०० ची. पुटी आणि पॉलिश पेपर धरून दोनशे. झाले २,४००. त्याच पैशांत नव्या साच्याचं किट येतं, ज्यात हे सगळं आतच आहे आणि घासण्यात जाणाऱ्या संध्याकाळी वाचतात. उलटही होतं. नुसतं सांधे जुळवायला, पुटी भरायला शिकायचं असेल तर ९०० चं जुनं किट तसंच, काहीही न जोडता, सरावाला उत्तम. एअरब्रश पहिल्यांदा हातात घेणार असाल तर त्याच्यावरच घ्या. दोन्हींच्या अधलंमधलं, म्हणजे स्वस्त किट घेऊन त्यावर महाग भाग चढवणं, हा सगळ्यात वाईट सौदा.

सगळ्यात चांगला सौदा हौशी लोकांच्या साठ्यात असतो. या छंदातला प्रत्येक जण जन्मात बांधून होणार नाहीत इतकी किटं साठवतो, आणि मग घर बदलताना किंवा लग्न ठरताना त्यातली अर्धी विकायला काढतो. खोका उघडलेला असतो पण पिशव्या बंद. अशा वेळी जोडणीच्या पत्रकावरचा फ्रेमचा नकाशा काढा आणि ए, बी, सी, डी अशी सगळी अक्षरं मोजून घ्या, काचेची फ्रेम आणि डिकल वेगळी तपासा. एक फ्रेम कमी असेल तर ती परत मिळवणं किटच्या किमतीइतकं जड जातं.

रंग निवडतानाही पैसे वाचतात. एकरंगी करडं विमान दोन-तीन बाटल्यांत होतं. हिरव्या-तपकिरी पट्ट्यांचं चार-पाच बाटल्या खातं. चकचकीत धातूच्या रंगाचं विमान सगळ्यात महाग पडतं, कारण त्याखाली एक ओरखडाही लपत नाही. पहिलं विमान फिक्या करड्या रंगाचं घ्या.

हत्यारांसाठी परदेशी साइट धुंडाळायची गरज नाही. बोहरी आळीत ४०० पासून २००० पर्यंतचे पाण्याचे पॉलिश पेपर सुटे मिळतात. सोन्या मारुती चौकाच्या बाजूला सोनारांची हत्यारं विकणाऱ्यांकडे बारीक कानशी आणि चिमटे मिळतात, आणि ते मॉडेलच्या नावाने विकल्या जाणाऱ्यांपेक्षा सरस असतात. ब्रश अप्पा बळवंत चौकात. नाक जड करायला सायकलच्या दुकानातले छर्रे. पत्रकात नाकात वजन टाका असं लिहिलं असेल तर ते टाळू नका, नाहीतर विमान शेपटीवर बसतं. दोनच गोष्टींत कंजुषी करू नये. एक गोंद. पातळ गोंद, तामियाचा हिरव्या झाकणाचा, पॉलिस्टायरीन विरघळवून दोन भाग एकजीव करतो. फेविक्विकने सांधा नुसता चिकटतो आणि काचेवर पांढरट धूर धरतो. दुसरी मास्किंग टेप. हार्डवेअरची टेप निघताना रंग घेऊन येते.

जून ते सप्टेंबर पुण्यात रंगवायला घेऊ नका, हवेतल्या दमटपणाने लॅकर पांढरट पडतं. तेव्हा सांधे जुळवा, कॉकपिट करा. डिकलचा कागद झिपच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा, नाहीतर पावसाळ्यात तो झाकणाच्या कागदाला चिकटतो. आणि पत्रक, खोक्याची किट नंबर असलेली बाजू आणि पावती विमान पूर्ण होईपर्यंत टाकू नका. एखादा भाग तुटका निघाला तर मोठ्या कंपन्यांकडे सुट्या भागासाठी लिहिता येतं, आणि तेव्हा ते फ्रेमचं अक्षर आणि भागाचा नंबर मागतात.